भागाकारावांचून निर्णय

पस्तीस वर्षांच्या अध्यापनांत आमच्या हातून ज्या चुका झाल्या त्या सांगावयास बसलों तर हा सबंध अंक पुरावयाचा नाहीं. परंतु त्यांपैकीं एक चूक अशी आहे कीं, तिचें परिमार्जन करण्याचा योग आम्हांस सेवानिवृत्तीनंतर आला, आणि त्या निमित्तानें एका विलक्षण संख्येची ओळख झाली. त्या संख्येची हकीगत वाचकांस सांगावी एवढाच या लेखाचा हेतु.

प्रसंग आठवीच्या वर्गांतला आहे. मूळ संख्यांचा पाठ चालला होता. ज्या संख्येस १ आणि ती स्वतः यांवांचून दुसरा भाजक नाहीं ती मूळ. २, ३, ५, ७, ११, १३ या मूळ आणि ९, १५ या संयुक्त, हें वाचकांच्या घरांतील शाळकरी मुलेंही सांगतील. आम्हीं फळ्यावर दोनाचे घात मांडले आणि प्रत्येकांतून एक वजा केला. दोनाचा वर्ग ४, उणा एक, ३. घन ८, उणा एक, ७. पांचवा घात ३२, उणा एक, ३१. सातवा घात १२८, उणा एक, १२७. या चारही संख्या मूळ. आणि घातांक पाहावे तर २, ३, ५, ७, तेही मूळ. एवढ्या सामग्रीवर आम्हीं बेधडक नियम सांगून टाकला कीं, घातांक मूळ असला म्हणजे दोनाचा तो घात उणा एक ही संख्या मूळच असावयाची. तर्कसंग्रह ज्यानें तरुणपणीं घोकला आहे त्यानें चार दृष्टान्तांवरून व्याप्ति बसवावी, याला काय म्हणावें?

दुसऱ्या दिवशीं मागच्या बाकावरचा एक अबोल मुलगा वही घेऊन पुढें आला. त्यानें दोनाचा अकरावा घात घेतला होता. २०४८, उणा एक, २०४७. "सर, ही तेवीस गुणिले एकोणनव्वद होते." आम्हीं गुणाकार करून पाहिला. खरेंच होतें. वर्गासमोर चूक कबूल केली. येथवर सर्व ठीक झालें. परंतु मुलगा जागेवर जाईना. तो म्हणाला, "सर, तेवीस लवकर सांपडले. पण संख्या फार मोठी असली आणि भाजक सांपडलाच नाहीं, तर कुठपर्यंत भागत बसायचं? न भागतां कळायला कांहीं उपाय नाहीं का?"

आम्हीं उत्तर दिलें कीं, संख्येच्या वर्गमुळापर्यंत एकेका मूळ संख्येनें भागून पाहाणें हा एकच मार्ग, दुसरा नाहीं आणि असूं शकत नाहीं. आळसाला शास्त्रांत जागा नसते, असेंही वर ऐकविलें. मुलगा खालीं बसला. पुन्हां त्यानें वर्गांत प्रश्न विचारल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

दुसरा मार्ग होता, आणि आम्हीं हें उत्तर दिलें त्या दिवशीं तो मार्ग सांपडून शंभराहून अधिक वर्षें होऊन गेलीं होतीं.

ही कथा फ्रान्सांतून सुरू होते. मारँ मेर्सेन (१५८८–१६४८) या नांवाचे एक ख्रिस्ती यति पॅरिसच्या मठांत राहून युरोपांतल्या बहुतेक नामांकित पंडितांशीं पत्रव्यवहार ठेवीत. १६४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथांत त्यांनीं असें विधान केलें कीं, २५७ पर्यंतचे घातांक घेतले तर २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या अकरांच्याच ठिकाणीं दोनाचा घात उणा एक ही संख्या मूळ असते. अकरा हा घातांक त्यांनीं बरोबर गाळला आहे. म्हणजे आम्हीं केलेली चूक त्या यतिमहाराजांनीं केली नव्हती. परंतु ही यादी कशाच्या आधारें केली याचा खुलासा मात्र त्यांत नाहीं. दोनाचा २५७ वा घात ७८ अंकी होतो. अशी संख्या भागून पाहाण्याचें सामर्थ्य त्या काळीं कोणाच्याही अंगीं नव्हतें, आणि मेर्सेन यांच्याही नव्हतें. तरीही यादी छापली गेली, आणि पुढील तीन शतकें तिच्यांतील एकेक संख्या तपासून पाहाणें हा गणितज्ञांचा उद्योग होऊन बसला.

आमची संख्या या यादींतली शेवटून दुसरी. दोनाचा १२७ वा घात उणा एक. वाचण्याच्या सोयीसाठीं तीन तीन अंकांचे गट पाडून ती येथें देतों:

१७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७

एकूण अंक एकोणचाळीस. लीलावतींत एकं, दशं, शतं पासून परार्धापर्यंत अठरा स्थानें सांगितलीं आहेत. ही संख्या परार्धाच्याही पुढें आणखी एकवीस स्थानें जाते. ती उच्चारावयास आपल्याजवळ नांवें नाहींत. परंतु ती करावयास मात्र फार श्रम नाहींत. १२७ वेळां दोनानें गुणीत बसण्याची जरुरी नाहीं. पिंगलाचार्यांनीं छंदःशास्त्रांत वृत्तांची संख्या काढण्यासाठीं जी रीति सांगितली आहे तीच येथें चालते. घातांक सम असेल तर निम्मा करावा आणि त्या ठिकाणीं वर्ग मांडावा. विषम असेल तर एक वजा करून त्या ठिकाणीं दुप्पट मांडावी. शून्यास पोंचल्यावर उलट्या क्रमानें परत यावें. १२७, १२६, ६३, ६२, ३१ असें उतरत गेलें म्हणजे तेरा पायऱ्यांत काम होतें: सात वेळां दुप्पट आणि सहा वेळां वर्ग. लघु-गुरूंचे प्रस्तार मोजणाऱ्या त्या आचार्यांना आपली रीति पुढें अशा कामीं येईल याची कल्पना असणें शक्य नव्हतें.

संख्या हातीं आली. आतां ती मूळ कीं संयुक्त?

या मार्गावर पहिलें मोठें पाऊल ऑयलर यांनीं टाकलें. यादींतील ३१ या घातांकाची संख्या २१४७४८३६४७ आहे. ती मूळ आहे असें त्यांनीं १७७२ सालीं दाखविलें. त्या वेळीं त्यांची दृष्टि जवळजवळ गेलेली होती. त्यांची रीति भागाकाराचीच, परंतु भाजक निवडून घेण्याची. या संख्येस भाजक असलाच तर त्यास २४८ नीं भागल्यावर १ किंवा ६३ उरलेच पाहिजेत, असा नियम त्यांनीं लाविला. त्यामुळें वर्गमुळापर्यंत, म्हणजे ४६३४० पर्यंत, सगळ्या मूळ संख्या घेण्याऐवजीं फार तर ३७२ संख्यांचा विचार पुरला. त्यांतल्या एकानेंही भाग गेला नाहीं, म्हणून संख्या मूळ. युक्ति मोठी खरी, परंतु आम्हीं त्या मुलाला सांगितलेल्या मार्गाचीच ती सुधारलेली आवृत्ति.

हीच युक्ति १२७ च्या संख्येस लाविली तर काय होईल, याचा हिशेब आम्हीं एका दुपारीं करून पाहिला. तिचें वर्गमूळ वीस अंकी आहे. ऑयलर यांच्या नियमानें गाळून गाळूनही जे भाजक तपासावयाचे राहातात त्यांची संख्या सतरा अंकी भरते. दर सेकंदास एक याप्रमाणें, रात्र न म्हणतां, दिवस न म्हणतां भागाकार चालू ठेविले तर ऐंशी कोटि वर्षांहून अधिक काळ लागेल. पुराणांच्या मापानें एक मन्वंतर सुमारें तीस कोटि सदुसष्ट लक्ष वर्षांचें. तेव्हां अडीच मन्वंतरांहूनही जास्त. आमच्या त्या विद्यार्थ्यास आम्हीं असा हा मार्ग दाखविला होता.

वास्तविक येथें दोन निरनिराळे प्रश्न आहेत, आणि आमची चूक ही कीं ते दोन आम्हांस एकच वाटत होते. भाजक कोणता, हा एक प्रश्न. भाजक आहे कीं नाहीं, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर न मिळतां दुसऱ्याचें मिळूं शकतें. घरांतला मनुष्य कोण हें न कळतांही घरांत मनुष्य आहे हें धुरावरून कळतेंच कीं नाहीं?

फ्रान्सचेच फर्मा यांनीं १६४० सालीं एक नियम सांगितला. संख्या मूळ असेल (आणि २ नसेल) तर तिच्याहून एकानें लहान घातांक घेऊन दोनाचा घात करावा; त्यास त्या संख्येनें भागिलें असतां बाकी नेहमीं १ राहाते. ७ घ्या, दोनाचा सहावा घात ६४, सातानें भागिल्यास बाकी १. आतां ९१ घेऊं. पाढे न येणाऱ्या मुलांना ही संख्या हटकून मूळ वाटते. दोनाचा बारावा घात ४०९६, त्यांतून ९१ गुणिले ४५, म्हणजे ४०९५, गेले, बाकी १. तेव्हां दर बारा घातांनीं बाकी पुन्हां एकावर येते. ९० म्हणजे सात वेळां बारा आणि वर सहा. म्हणून दोनाच्या नव्वदाव्या घाताची बाकी तीच जी सहाव्याची, म्हणजे ६४. ती १ यावयास हवी होती. आली नाहीं, म्हणून ९१ मूळ नाहीं. तेरा साते एक्याण्णव हें येथें कोणी म्हटलें नाहीं. भाजकाचें नांवही निघालें नाहीं. आणि निर्णय मात्र निःसंशय झाला.

मग हा नियम उलटा फिरवावा आणि बाकी १ आली कीं संख्या मूळ म्हणावी, असें कोणाच्याही मनांत येईल. परंतु येथें नैयायिकांचा जुना इशारा ध्यानांत ठेविला पाहिजे. जेथें धूर तेथें अग्नि ही व्याप्ति खरी. म्हणून जेथें अग्नि तेथें धूर असें ठरत नाहीं, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि आहे आणि धूर नाहीं. गणितांतला हा तप्त गोळा म्हणजे ३४१. दोनाचा दहावा घात १०२४, त्यास ३४१ नें भागिल्यास बाकी १. म्हणून तीनशें चाळिसाव्या घाताचीही बाकी १. फर्मा यांची कसोटी ती निर्वेधपणें पार पाडते. आणि ती तर अकरा गुणिले एकतीस आहे! तात्पर्य, संयुक्त संख्येस पकडण्यास ही कसोटी चांगली. मूळ संख्येस मूळपणाचा दाखला देण्याचा अधिकार तिला नाहीं.

तो अधिकार असलेली कसोटी एदुआर ल्यूका यांनीं १८७६ सालीं दिली. ल्यूका यांचा जन्म १८४२ चा, गांव आमियँ. १८७० च्या जर्मनीबरोबरील युद्धांत त्यांनीं तोफखान्यांत अधिकारी म्हणून काम केलें, आणि पुढें उभा जन्म शाळेंत गणित शिकविण्यांत घालविला. आम्हां शाळामास्तरांना ही गोष्ट सांगतांना थोडा अभिमान वाटला तर वाचकांनीं क्षमा करावी. आपल्याकडचे देवळालीचे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) हेही शाळामास्तरच होते, आणि मुलांच्या वह्या तपासून उरलेल्या वेळांत त्यांनीं संख्यांशीं जो स्नेह केला तो जगास ठाऊक आहे.

ल्यूका यांनीं आधार घेतला तो १, १, २, ३, ५, ८, १३, २१ या मालिकेचा, ज्यांत प्रत्येक पद मागील दोन पदांची बेरीज असतें. युरोपांत तिला फिबोनाची यांचें नांव आहे, आणि तें रूढ करणारे ल्यूका हेच. परंतु मात्रावृत्तांत अमुक मात्रांची ओळ लघु-गुरूंच्या किती प्रकारांनीं होते हें मोजतांना आपल्या छंदःशास्त्रकारांना हीच मालिका फिबोनाचीपूर्वी मिळाली होती. हेमचंद्रसूरींनीं ती ११५० च्या सुमारास सांगितली आहे आणि विरहांक त्यांच्याही आधींचा. या मालिकेचा आणि आमच्या संख्यांचा संबंध लहान उदाहरणांत दिसतो. ७ घ्या. मालिकेंतील आठवें पद २१; त्यास सातानें भाग जातो, आणि त्याच्या आधींच्या एकाही पदास जात नाहीं. ल्यूका यांनीं १२७ च्या संख्येबाबत हेंच सिद्ध केलें. तिच्याहून एकानें मोठें जें स्थान, म्हणजे दोनाचा १२७ वा घात, त्या स्थानच्या पदास तिनें भाग जातो आणि त्याच्या निम्म्या स्थानच्या पदास जात नाहीं. ही गोष्ट खरी असावी आणि त्याच वेळीं संख्येस वर्गमुळाहून लहान असा एखादा भाजकही असावा, हीं दोन एकत्र नांदूंच शकत नाहींत. एवढ्यावरून संख्या मूळ ठरते.

इतक्या दूरच्या पदापर्यंत पोंचावयाचें कसें? एकेक पद घेत गेलें तर विश्व संपेल. परंतु येथें पुन्हां पिंगलाचार्यांची उडी उपयोगी पडते. स्थान दर वेळीं दुप्पट करीत जावें. अमेरिकेचे लेहमर यांनीं १९३० सालीं ही कसोटी इतकी सोपी करून ठेविली कीं ती आठवींतल्या मुलासही करतां यावी. चारापासून आरंभ करावा. आलेल्या संख्येचा वर्ग करावा, त्यांतून दोन वजा करावे, आणि जिची परीक्षा करावयाची तिनें भागून बाकी तेवढी ठेवावी. बाकीचा पुन्हां वर्ग, पुन्हां दोन वजा, पुन्हां बाकी. घातांकाहून एकानें कमी इतकीं पदें झालीं कीं थांबावें. शेवटचें पद शून्य असेल तर संख्या मूळ. नसेल तर संयुक्त. दोनाहून मोठा कोणताही मूळ घातांक असो, नियम हाच.

घरांतील मुलामुलींनीं कागद घेऊन १२७ ची परीक्षा जरूर करून पाहावी. घातांक सात, म्हणून पदें सहा. पहिलें ४. त्याचा वर्ग १६, उणे दोन, १४. चौदाचा वर्ग १९६, उणे दोन १९४, त्यांतून १२७ गेले, ६७. पुढें याच रीतीनें ४२, मग १११. एकशें अकराचा वर्ग १२३२१, उणे दोन १२३१९, आणि हें बरोबर १२७ गुणिले ९७ आहे. शून्य. १२७ मूळ.

आणि आता ती २०४७, जिनें आम्हांस वर्गांत खालीं पाहावयास लाविलें. घातांक अकरा, पदें दहा:

४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६.

शेवटीं शून्य नाहीं. संयुक्त. तेवीस नाहीं, एकोणनव्वद नाहीं, भाजकाचा शोधच नाहीं.

एकोणचाळीस अंकी संख्येसाठीं अशीं १२६ पदें, म्हणजे १२५ वेळां वर्ग आणि भागाकार करावा लागतो. (ल्यूका यांनीं स्वतः या संख्येसाठीं चाराऐवजीं ३, ७, ४७ अशी मालिका घेतली होती, पायऱ्या तितक्याच.) एकोणचाळीस अंकी संख्येचा वर्ग म्हणजे दीड हजारांहून अधिक एकेरी गुणाकार. रोज एक पायरी नेटानें करणारा मनुष्य चार महिन्यांत काम उरकील. एकीकडे अडीच मन्वंतरें आणि दुसरीकडे चार महिने, म्हणजे आपला एक चातुर्मास! ल्यूका यांनीं भागाकाराचे श्रम चुकविण्याचीही तोड काढली होती. ९९९ नें भागावयाचें असलें तर संख्येचे तीन तीन अंकांचे गट पाडून बेरीज केली कीं बाकी मिळते. १२३४५६ ची बाकी १२३ अधिक ४५६, म्हणजे ५७९. दोनाच्या घातांत लिहिलेल्या संख्यांस "घात उणा एक" नें भागतांना हीच सोय लागू पडते. म्हणून बाजूस १२७ घरें असा बुद्धिबळासारखा पट कल्पून त्यावर प्यादीं मांडीत आणि सरकवीत हा हिशेब कसा करावा, हें त्यांनीं सांगून ठेविलें आहे.

ल्यूका यांना खेळांचा नादच होता. १८८३ सालीं त्यांनीं स्वतःच्या नांवांतील अक्षरें उलटसुलट करून एका काल्पनिक सयामी पंडिताच्या नांवानें "हानोईचा मनोरा" हा खेळ बाजारांत आणिला. तीन खुंट्या, लहानमोठ्या चकत्या, एका वेळीं एकच हलवावयाची आणि मोठी लहानीवर ठेवावयाची नाहीं. त्याबरोबर अशी एक कथा पसरली कीं, काशीच्या एका देवळांत चौसष्ट सुवर्णचकत्या घेऊन ब्राह्मण अहोरात्र हेंच करीत आहेत आणि काम पुरें होतांच प्रलय व्हावयाचा आहे. आम्हीं पाहिलेल्या एकाही पुराणांत ही कथा नाहीं. काशीस जाऊन तें देऊळ शोधणाऱ्यांनीं तसदी घेऊं नये. मौज एवढीच कीं जितक्या चकत्या तितका दोनाचा घात उणा एक इतक्या हालचाली लागतात. चकत्या १२७ घेतल्या तर हालचालींची संख्या आमची हीच एकोणचाळीस अंकी.

अशा या खेळकर मनुष्याचा अंत १८९१ सालीं झाला. एका मेजवानींत बशी पडून फुटली, तिचा तुकडा उडून त्यांच्या गालास लागला, जखमेंत धांवरें झालें आणि थोड्याच दिवसांत ते गेले. वय अवघें एकोणपन्नास.

मेर्सेन यांच्या यादीचें पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. १८८३ सालीं रशियांतील पेर्वुशिन नांवाच्या एका खेड्यांतल्या धर्मोपदेशकानें, म्हणजे आपल्या भाषेंत गांवच्या उपाध्यायानें, ६१ हा घातांक यादींत असावयास हवा होता असें सिद्ध केलें. १९११ सालीं ८९ आणि १९१४ सालीं १०७ यांची तीच गोष्ट ठरली. त्याच १९१४ सालीं फोकांबेर्ग यांनीं १२७ ची पडताळणी पुन्हां केली. ल्यूका बरोबर होते. २५७ मात्र लेहमर यांच्या परीक्षेंत १९२७ च्या सुमारास संयुक्त निघाली, आणि तिचे भाजक हातीं येण्यास आणखी पन्नासएक वर्षें जावीं लागलीं.

राहिली ६७ ची संख्या. तीही संयुक्त, असें ल्यूका यांनीं १८७६ सालींच सांगितलें होतें. भाजक त्यांनाही ठाऊक नव्हते. मग १९०३ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्क येथें गणितज्ञांच्या सभेंत कोल नांवाचे प्राध्यापक उठले आणि फळ्यापाशीं गेले. एका बाजूस त्यांनीं दोनाचा ६७ वा घात करून त्यांतून एक वजा केला. दुसऱ्या बाजूस १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ या दोन संख्या मांडून त्यांचा गुणाकार केला. दोन्हीकडे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ आले. एक शब्दही न बोलतां ते जागेवर जाऊन बसले आणि सभेनें टाळ्यांचा कडकडाट केला, अशी आख्यायिका आहे. हे भाजक शोधण्यांत तीन वर्षांचे रविवार गेले, असेंही त्यांच्या नांवावर सांगतात.

ल्यूका यांनीं निर्णय दिल्यानंतर सत्तावीस वर्षांनीं भाजक दाखविल्याबद्दल एवढें कौतुक कां, असें आम्हांस प्रथम वाटलें. त्याचें मर्म आम्हांस स्वतःच्या हातच्या हिशेबानें कळलें. मेर्सेन यांच्या यादींतील १३ ची संख्या ८१९१. तिची परीक्षा आम्हीं करावयास घेतली, पदें बारा. शेवटीं शून्य येईना. दोनदां केलें, दोनदां निराळेंच कांहीं उरलें. तिसऱ्या खेपेस अकरावें पद १२८ आलें, त्याचा वर्ग १६३८४, उणे दोन १६३८२, म्हणजे ८१९१ ची बरोबर दुप्पट. शून्य! आधींच्या दोन्ही वेळीं गुणाकारांत हातचा विसरला होता. यांतून ध्यानांत आलें तें असें. हिशेब चुकला तर शेवटीं नेमकें शून्य येणें हा योगायोग जवळजवळ अशक्य; म्हणून शून्य आलें कीं तें आपल्या खरेपणाची ग्वाही आपणच देतें. परंतु शून्येतर बाकी मुकी असते. ती संख्येच्या संयुक्तपणामुळें आली कीं आपल्या हलगर्जीपणामुळें, हें ती सांगत नाहीं. १२७ च्या ठिकाणीं ल्यूका यांना शून्य मिळालें होतें. ६७ च्या ठिकाणीं तें मिळणार नव्हतें. म्हणून कोल यांच्या त्या निःशब्द गुणाकाराची किंमत.

१२७ ची संख्या १९५१ पर्यंत, म्हणजे पाऊणशें वर्षें, ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी राहिली. त्या सालीं फेरिए यांनीं हिशेबाच्या हातयंत्रानें चव्वेचाळीस अंकी मूळ संख्या मिळविली, आणि लगेच १९५२ च्या जानेवारींत विजेच्या संगणकानें एकाच दिवशीं ५२१ आणि ६०७ या घातांकांच्या संख्या मूळ ठरविल्या. २०२४ सालीं सांपडलेल्या अशा संख्येचा घातांक १३६२७९८४१ असून तिचे अंक चार कोटि दहा लक्ष चोवीस हजार तीनशें वीस आहेत. तिच्यावर शेवटचा शिक्का बसला तो याच कसोटीचा: वर्ग, उणे दोन, बाकी. परंतु यंत्रावांचून, कागद आणि शाई एवढ्या साहित्यावर तपासल्या गेलेल्या मूळ संख्यांत १२७ च्या संख्येहून मोठी एकही नाहीं.

हें सर्व समजल्यावर त्या विद्यार्थ्यास कळवावें असें मनानें घेतलें. त्याचे एक नातलग आमच्या पेठेंत राहातात, त्यांजकडून पत्ता मिळाला. आम्हीं २०४७ ची दहा पदें एका कागदावर सुवाच्य अक्षरांत मांडलीं, त्याच्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं चुकीचें दिलें होतें आणि वर आळशी म्हणालों होतों हें लिहिलें, आणि पत्र टाकलें.

तीन आठवड्यांनीं उत्तर आलें. तो प्रश्न विचारल्याचें आपणांस आठवत नाहीं, २०४७ मात्र आठवते, असें त्यांनीं लिहिलें होतें. (आतां ते पन्नाशीकडे झुकलेले गृहस्थ आहेत, एकवचन बरें दिसत नाहीं.) धाकट्या मुलीला घेऊन रविवारीं सबंध हिशेब करून पाहिला. आणि शेवटीं असें: "सर, सहाव्या पदापर्यंत सगळं बरोबर आहे. ११९ चा वर्ग १४१६१. त्यांतून दोन वजा करायचे आपल्याकडून राहिले. त्यामुळें पुढचीं चारही पदें चुकलीं आहेत. निर्णय बरोबर आहे, पुरावा चुकलेला आहे. चूक मुलीनें काढली."

वर दिलेलीं दहा पदें त्या मुलीनें दुरुस्त केलेलीं आहेत.